दोन गल्ल्यांचे अंतर

२०१० च्या उन्हाळ्यात अमेरिकेपुढे प्रश्नांची कमतरता नव्हती. बेकारी साडेनऊ टक्क्यांवर होती, मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या विहिरीतून जवळपास तीन महिने तेल वाहत होते आणि अफगाणिस्तानातल्या युद्धाला नऊ वर्षे होत आली होती. तरीही त्या ऑगस्टमध्ये देशभर सर्वांत कडवा वाद पेटला तो न्यूयॉर्कमधल्या पार्क प्लेस नावाच्या अरुंद रस्त्यावरच्या एका बंद दुकानावरून. ११ सप्टेंबर २००१ ला जिथे जुळे मनोरे कोसळले, त्या जागेपासून हे दुकान उत्तरेला दोन गल्ल्यांवर होते. तिथे मुस्लिमांचे समाजकेंद्र उभे राहणार होते. शहराच्या महापौरांपासून देशाच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत प्रत्येकाला त्याबद्दल भूमिका घ्यावी लागली.

या केंद्राची कायद्याने कुठेच अडवणूक झाली नाही. स्थानिक मंडळाने पाठिंबा दिला, महापौर ठामपणे पाठीशी उभे राहिले, न्यायालयात विरोधकांचा दावा फेटाळला गेला आणि राज्यघटना तर बाजूने होतीच. तरीही केंद्र उभे राहिले नाही. कागदावरचा हक्क जमिनीवर उतरताना त्याचे काय होते, हे समजून घ्यायचे तर या प्रकरणाची साखळी पहिल्या कडीपासून पाहावी लागते. ती पहिली कडी साडेतीनशे वर्षे जुनी आहे.

या शहराने हे आधीही पाहिले होते

न्यूयॉर्कच्या सहिष्णुतेचे कौतुक जगभर होते. पण ती या शहराला आयती मिळालेली नाही. प्रत्येक नव्या धर्मसमूहाने ती झगडून मिळवली आहे. गाव डचांच्या ताब्यात होते आणि न्यू ॲमस्टरडॅम म्हणून ओळखले जात होते, तेव्हा १६५४ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफेहून २३ ज्यू निर्वासित तिथे उतरले. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांना ते नको होते. त्यांना हाकलण्याची परवानगी डच वेस्ट इंडिया कंपनीने दिली नाही, तेव्हा गव्हर्नरांनी निदान त्यांचे जाहीर प्रार्थनास्थळ तरी होऊ दिले नाही. ज्यूंनी शहरात बांधलेले पहिले सिनेगॉग उभे राहायला १७३० साल उजाडले.

स्टायव्हेसंट यांचा दुसरा रोष होता क्वेकर पंथीयांवर. त्यांना थारा देणाऱ्याला शिक्षा होईल, असा हुकूम त्यांनी काढला. त्यावर २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंग गावातल्या ३० रहिवाशांनी सह्या करून निषेधपत्र पाठवले. सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. आपल्या दारी येणाऱ्या कोणावरही आम्ही हात उगारणार नाही, असे सांगताना त्यांनी ज्यूंचा आणि तुर्कांचाही, म्हणजे मुस्लिमांचाही, उल्लेख केला. त्या गावात तेव्हा मुस्लीम वस्ती नव्हती. प्रश्न तत्त्वाचा होता. सह्या करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. १६६२ मध्ये त्याच गावच्या जॉन बाऊन यांनी क्वेकरांना आपल्या घरात प्रार्थनेसाठी जागा दिली. त्यांना पकडून हद्दपार करण्यात आले. बाऊन यांनी हॉलंड गाठून कंपनीपुढे आपली बाजू मांडली आणि १६६३ मध्ये कंपनीने गव्हर्नरला कळवले की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नका.

पुढची पाळी कॅथलिकांची होती. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर, १७८५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कॅथलिकांनी आपले पहिले चर्च बांधायला घेतले. शहराच्या मध्यवस्तीत ते अनेकांना नको होते, म्हणून त्यांना तेव्हाच्या वस्तीच्या कडेला, बार्कले स्ट्रीटवर जावे लागले. त्यांची निष्ठा रोमला वाहिलेली आहे, हा संशय होता. बांधकामासाठी स्पेनच्या राजाने एक हजार नाणी पाठवली होती, त्यामुळे परकीय पैशाचा आरोपही तयार होता. १८०६ च्या नाताळच्या आदल्या रात्री विरोधी जमावाने या सेंट पीटर्स चर्चला वेढा घातला. त्यातून उसळलेल्या दंगलीत अनेक जण जखमी झाले आणि बंदोबस्तावरचा एक शिपाई मारला गेला.

हे चर्च वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेला लागूनच आहे. ११ सप्टेंबरला अग्निशमन दलाचे पुरोहित फादर मायकल जज यांचा मृतदेह याच चर्चच्या वेदीपुढे आणून ठेवला गेला. पार्क प्लेस तिथून एका गल्लीवर. २०१० मध्ये मुस्लीम केंद्रावर जे आरोप झाले, म्हणजे निष्ठा बाहेरची, पैसा बाहेरचा आणि जागा चुकीची, ते सगळे याच भागात सव्वादोनशे वर्षांपूर्वी कॅथलिकांनी ऐकले होते. सेंट पीटर्सचे तेव्हाचे धर्मगुरू केविन मॅडिगन यांनी २०१० मध्ये आपल्या भाविकांना हा इतिहास मुद्दाम सांगितला आणि मुस्लिमांच्या बाजूने उभे राहिले.

कोटांच्या दुकानाची जागा

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला मुस्लीम नवे नव्हते. ‘मस्जिद मॅनहॅटन’ ही संस्था १९७० मध्ये, म्हणजे जुळ्या मनोऱ्यांच्या उद्घाटनाआधीच, तिथून काही गल्ल्यांवर सुरू झाली होती. मनोऱ्यांतही मुस्लीम काम करत; दक्षिणेकडच्या मनोऱ्यात सतराव्या मजल्यावर त्यांची नमाजाची खोली होती. त्या दिवशी वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मारल्या गेलेल्या २,७५३ जणांत अनेक मुस्लीमही होते. त्यांतला एक सलमान हमदानी, वय २३, पोलीस दलातला कॅडेट आणि प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस. तो मदतीला धावला आणि परतला नाही. त्याचे अवशेष सापडेपर्यंत कित्येक महिने त्याच्यावरच संशय घेतला गेला. पुढे अमेरिकेच्या संसदेने पॅट्रियट कायद्यात त्याचा गौरवाने उल्लेख केला.

पार्क प्लेसवरची ४५–४७ क्रमांकाची पाचमजली इमारत १८५०च्या दशकातली. तिथे ‘बर्लिंग्टन कोट फॅक्टरी’ या साखळीचे दुकान होते. हल्ल्याच्या वेळी विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा तुकडा छत फोडून आत घुसला आणि दुकान कायमचे बंद झाले. पुढची जवळजवळ आठ वर्षे इमारत तशीच पडून होती. जुलै २००९ मध्ये शरीफ अल-गमाल या स्थानिक विकासकाच्या कंपनीने ती ४८ लाख ५० हजार डॉलरना विकत घेतली.

गमाल यांचा जन्म ब्रुकलिनचा, वडील इजिप्शियन आणि आई पोलिश वंशाची कॅथलिक. त्यांच्या मुली मॅनहॅटनच्या ज्यू समाजकेंद्रात पोहायला शिकत होत्या. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, व्याख्याने, मुलांचे वर्ग असे सगळे एका छताखाली आणि दार सर्वांना उघडे, असे केंद्र मुस्लिमांनीही बांधावे ही कल्पना त्यांनी तिथून उचलली. या कामात त्यांच्याबरोबर होते इमाम फैसल अब्दुल रऊफ आणि त्यांच्या पत्नी डेझी खान. रऊफ कुवेतमध्ये जन्मलेले, इजिप्शियन कुटुंबातले. जवळच्या ट्रायबेका भागातल्या ‘मस्जिद अल-फराह’चे ते १९८३ पासून इमाम होते. सूफी परंपरेकडे त्यांचा ओढा होता. पाकिस्तानात अतिरेक्यांनी ठार केलेला ज्यू पत्रकार डॅनियल पर्ल याच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या एका सिनेगॉगमध्ये २००३ मध्ये प्रार्थनासभा झाली, तेव्हा तिथे उभे राहून त्यांनी ज्यूंच्या श्रद्धेशी आपले नाते जाहीरपणे सांगितले होते. परराष्ट्र खात्याने त्यांना जॉर्ज बुश यांच्या काळातही आणि बराक ओबामा यांच्या काळातही मुस्लीम देशांत अमेरिकेची बाजू मांडायला पाठवले. डेझी खान मूळच्या काश्मीरच्या. मुस्लीम स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेच्या त्या प्रमुख होत्या.

या दांपत्याने केंद्राचे नाव ठरवले ‘कॉर्डोबा हाउस’. मध्ययुगीन स्पेनमधल्या ज्या शहरात मुस्लीम, ख्रिस्ती आणि ज्यू विद्वान एकत्र नांदले, त्याची ही आठवण. आराखडा मोठा होता. सुमारे १३ मजले, १० कोटी डॉलर खर्च, ५०० आसनांचे सभागृह, तलाव, बास्केटबॉलचे मैदान, पाळणाघर, पाककला शाळा, ११ सप्टेंबरच्या मृतांचे स्मारक आणि नमाजाची जागा. पुढे वादात ‘ग्राउंड झीरोवरची मशीद’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. वास्तविक ती जागा ग्राउंड झीरोवर, म्हणजे मनोरे कोसळले तिथे, नव्हती, आणि मशीद हा त्या आराखड्याचा एक भाग होता.

शांततेचे पाच महिने

या कथेतला सर्वांत बोलका काळ तो आहे, ज्यात काहीच घडले नाही. डिसेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या योजनेची बातमी पहिल्या पानावर छापली. जागा कुठे आहे, विमानाचा तुकडा कसा कोसळला, सगळे त्यात होते. तेव्हा मस्जिद अल-फराहमध्ये न मावणारी जुम्म्याची गर्दी त्या इमारतीत नमाज पढू लागली होती. तेही त्यात होते. शहरात कसलीही खळबळ उडाली नाही. त्याच महिन्यात फॉक्स वाहिनीवर उजव्या विचारांच्या निवेदिका लॉरा इन्ग्रॅहम यांनी डेझी खान यांची मुलाखत घेतली आणि तुमचा प्रयत्न मला आवडतो, अशा शब्दांत निरोप दिला.

ही शांतता नीट ध्यानात ठेवली पाहिजे. जखम तेव्हाही ताजी होती, मृतांचे नातेवाईक तेव्हाही होते, अंतर तेव्हाही दोनच गल्ल्यांचे होते. पाच महिन्यांनी बदलले ते राजकीय हवामान. नोव्हेंबर २०१० मध्ये संसदेच्या निवडणुका येत होत्या. ओबामा स्वतः मुस्लीम आहेत, अशी अफवा लाखो लोक खरी मानत होते. त्यातच १ मे ला टाइम्स स्क्वेअरमध्ये मोटारीत ठेवलेला बॉम्ब सापडला आणि एका पाकिस्तानी-अमेरिकी तरुणाला अटक झाली.

त्यानंतर चारच दिवसांनी कम्युनिटी बोर्ड क्रमांक १ च्या, म्हणजे स्थानिक नागरिक मंडळाच्या, समितीने केंद्राला एकमताने पाठिंबा दिला. लगेच पामेला गेलर आणि रॉबर्ट स्पेन्सर यांच्या ‘स्टॉप इस्लामायझेशन ऑफ अमेरिका’ या संघटनेने मोहीम उघडली. केंद्र म्हणजे हल्लेखोरांच्या विजयाचे स्मारक, असा प्रचार सुरू झाला आणि ‘न्यूयॉर्क पोस्ट’सारख्या वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. कॉर्डोबा हे नावही आता मुस्लीम राजवटीच्या विजयाचे चिन्ह ठरवले गेले. आयोजकांनी ते मागे ठेवून पत्त्यावरून ‘पार्क ५१’ हे साधे नाव घेतले.

२५ मे ला पूर्ण मंडळाची सभा झाली. सभागृह खचाखच भरले होते. कित्येक तास आरडाओरडा आणि अश्रू यांच्यात ती चालली. मृतांच्या काही नातेवाइकांनी हात जोडून विनवले की इथे नको. काहींनी आपल्या माणसाचे नाव द्वेषासाठी वापरू नका असे सांगितले. शेवटी २९ विरुद्ध १ असा ठराव मंजूर झाला. १० जण तटस्थ राहिले. ज्या वस्तीने राखेत श्वास घेतला होता, त्या वस्तीच्या मंडळाचा हा कौल होता. इतर भागांतून तो समजून घेण्याचा प्रयत्न फारसा झाला नाही.

ऑगस्ट

केंद्र रोखण्याचा पुढचा मार्ग होता इमारतीला वारसा दर्जा मिळवून देणे, म्हणजे ती पाडता येणार नाही. ३ ऑगस्टला शहराच्या वारसा आयोगाने ९ विरुद्ध ० मतांनी ही मागणी फेटाळली. त्याच दिवशी महापौर मायकल ब्लूमबर्ग गव्हर्नर्स आयलंडवर, वेगवेगळ्या धर्मांच्या नेत्यांना बरोबर घेऊन उभे राहिले. मागे पाण्यापलीकडे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा होता. स्टायव्हेसंटने नाकारलेले सिनेगॉग, फ्लशिंगचे निषेधपत्र, बार्कले स्ट्रीटवरचे चर्च, हा सगळा इतिहास त्यांनी सांगितला. सरकारने खासगी जागेवर कोणी कोणती प्रार्थना करावी हे ठरवायचे का, असा त्यांचा प्रश्न होता. जळत्या इमारतीत शिरणाऱ्या जवानांनी आतल्या माणसाला त्याचा देव विचारला नव्हता, याची त्यांनी आठवण दिली. ब्लूमबर्ग स्वतः ज्यू. त्यांच्या आईवडिलांना मॅसॅच्युसेट्समध्ये ज्यू म्हणून घर मिळेना, तेव्हा आयरिश वकिलाच्या नावाने ते घ्यावे लागले होते.

पण हवा उलट दिशेने वाहत होती. सीएनएनच्या ऑगस्टमधल्या पाहणीत ६८ टक्के अमेरिकी विरोधात होते. क्विनिपियाक विद्यापीठाच्या पाहणीत न्यूयॉर्क शहरातही विरोध जास्त निघाला. मॅनहॅटनमध्ये मात्र पाठिंबा देणारे अधिक होते. म्हणजे जागेच्या जितके जवळ, तितका विरोध कमी. रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी शांतताप्रिय मुस्लिमांनीच या योजनेला विरोध करावा असे आवाहन केले. त्याच पक्षाचे न्यूट गिंगरिच म्हणाले, सौदी अरेबियात चर्च नाही तोवर इथे मशीद नको. पुढे त्यांनी आयोजकांची तुलना नाझींशी केली. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटमधले नेते हॅरी रीड यांनीही केंद्र दुसरीकडे न्यावे असे सांगून टाकले.

सर्वांत जिव्हारी लागणारा धक्का अनपेक्षित ठिकाणाहून आला. ‘अँटी-डिफेमेशन लीग’ ही ज्यूंवरील द्वेषाविरुद्ध १९१३ पासून लढणारी संस्था. जुलैच्या अखेरीस तिने जाहीर केले की आयोजकांना हक्क आहे, पण मृतांच्या कुटुंबीयांच्या वेदना पाहता ही जागा योग्य नाही. हक्क मान्य, औचित्य अमान्य, हे सूत्र यातून प्रतिष्ठित झाले. द्वेषाची भाषा बोलायला संकोचणाऱ्या सभ्य माणसांना विरोधाचा एक सभ्य दरवाजा मिळाला.

याला सर्वांत ठळक उत्तर मुंबईत वाढलेल्या एका पत्रकाराने दिले. फरीद झकेरिया हे महाराष्ट्राचे माजी मंत्री आणि औरंगाबादच्या शैक्षणिक कायापालटाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या डॉ. रफिक झकेरिया यांचे चिरंजीव. लीगने २००५ मध्ये त्यांना नागरी स्वातंत्र्यासाठीचा ह्युबर्ट हम्फ्री पुरस्कार दिला होता. त्यांनी मानचिन्ह आणि १० हजार डॉलरची रक्कम दोन्ही परत केली. संस्थेने आपल्याच मूळ उद्दिष्टाशी प्रतारणा केली आहे, असे त्यांनी लिहिले, आणि ती भूमिका मागे घेण्याची विनंती केली.

१३ ऑगस्टला व्हाइट हाउसच्या इफ्तारमध्ये ओबामांनी मुस्लिमांनाही इतरांइतकाच, लोअर मॅनहॅटनमध्ये खासगी जागेवर प्रार्थनास्थळ बांधण्याचा, हक्क आहे असे स्पष्ट सांगितले. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडात त्यांनी पुस्ती जोडली की तिथे बांधणे शहाणपणाचे आहे की नाही यावर आपण बोललो नव्हतो. तेच सूत्र आता राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून आले. रिपब्लिकन पक्षातून वेगळा आवाज निघाला तो टेड ओल्सन यांचा. बुश सरकारचे हे माजी सॉलिसिटर जनरल; त्यांच्या पत्नी बार्बरा पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात होत्या. राष्ट्राध्यक्षांचे म्हणणे बरोबर आहे, असे ते म्हणाले. पेंटॅगॉनमध्ये विमान जिथे आदळले तिथे उभारलेल्या प्रार्थनागृहात मुस्लीम कर्मचारी कित्येक वर्षे नमाज पढत होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सलमानच्या आई तलत हमदानी याही केंद्राच्या बाजूने जाहीरपणे बोलत राहिल्या.

शब्दांचे रूपांतर कृतीत व्हायला वेळ लागला नाही. २४ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये एका प्रवाशाने बांगलादेशी टॅक्सीचालकाला तू मुसलमान आहेस का असे विचारले आणि होकार मिळताच त्याच्या गळ्यावर चाकू चालवला. चालक वाचला.

सप्टेंबर आणि नंतर

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावात टेरी जोन्स या पाद्र्याची जेमतेम पन्नासेक माणसांची मंडळी होती. ११ सप्टेंबरला कुराणाच्या प्रती जाळण्याची घोषणा करून तो जगभर पोचला. अफगाणिस्तानातले सेनापती डेव्हिड पेट्रेयस यांनी यामुळे सैनिकांचे जीव धोक्यात येतील असा इशारा दिला. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी स्वतः फोन केला. पार्क ५१ हलवण्याचे कबूल झाले आहे, असा खोटा दावा करत जोन्सने माघार घेतली. पण मार्च २०११ मध्ये त्याच्या चर्चमध्ये कुराण जाळले गेलेच. १ एप्रिलला मझार-ए-शरीफमध्ये चिडलेल्या जमावाने संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर हल्ला करून सात कर्मचाऱ्यांना ठार केले. त्यांचा फ्लोरिडाशी काही संबंध नव्हता.

इमाम रऊफ यांनी सप्टेंबरमध्ये सांगितले की इतकी वेदना होईल हे माहीत असते तर आपण हे केले नसते. पण आता माघार घेतली तर अमेरिकेत इस्लामवर हल्ला होतो आहे, हा अतिरेक्यांचा प्रचार खरा ठरेल. ही कोंडी खरी होती. आयोजकांच्या चुकाही खऱ्या होत्या. मृतांच्या कुटुंबीयांना त्यांनी सुरुवातीला विश्वासात घेतले नव्हते, हे गमाल यांनी नंतर मान्य केले. पैसा कुठून येणार याचे समाधानकारक उत्तर तयार नव्हते. विकासकाचे समाजकेंद्र आणि इमामांचे आंतरधर्मीय केंद्र अशी दोन वेगवेगळी स्वप्ने एका आराखड्यात कोंबली गेली होती. जानेवारी २०११ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

जुलै २०११ मध्ये वारसा दर्जाबाबतचा दावा न्यायालयाने फेटाळला. सप्टेंबरमध्ये जुन्या इमारतीचा एक भाग रंगरंगोटी करून उघडला. पहिले प्रदर्शन होते न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, जगातल्या निरनिराळ्या देशांच्या मुलांच्या छायाचित्रांचे. निदर्शने झाली नाहीत. पण मोठे केंद्र बांधायला लागणारे बळ उरले नव्हते. पुढे इमारत पाडली गेली आणि २०१५ मध्ये त्या जागी ४० हून अधिक मजल्यांच्या आलिशान सदनिकांची योजना जाहीर झाली.

अंतराचा प्रश्न

विरोध खरोखर दोन गल्ल्यांच्या अंतराला होता का? त्याच उन्हाळ्यातल्या इतर घटना याचे उत्तर देतात. त्याच शहरातल्या स्टेटन आयलंडवर एक रिकामा कॉन्व्हेंट मुस्लीम संस्थेला विकण्याचा व्यवहार रहिवाशांच्या संतापामुळे बारगळला. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावात मशिदीविरुद्धच्या निदर्शनाला लोक मुद्दाम कुत्री घेऊन आले. आणि न्यूयॉर्कपासून हजारभर किलोमीटरहून दूर, टेनेसीतल्या मर्फ्रीसबरोमध्ये, जिथे मुस्लीम कुटुंबे १९८०च्या दशकापासून राहत होती, इस्लामिक केंद्राच्या बांधकामावरून गाव पेटले. ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्या यंत्रांना आग लावली गेली. इस्लाम हा धर्मच नाही, म्हणून त्याला धर्मस्वातंत्र्य लागू होत नाही, असा युक्तिवाद न्यायालयात झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याला लेखी सांगावे लागले की इस्लाम हा धर्म आहे. ११ सप्टेंबरच्या जखमेचा आधार मॅनहॅटनमध्ये पुढे केला गेला. मर्फ्रीसबरोत तो उपलब्ध नव्हता, तरी विरोधाची भाषा तीच होती.

मर्फ्रीसबरोतला शेवट मात्र वेगळा झाला. आगीनंतर गावातले ख्रिस्ती आणि इतर शेजारी मेणबत्त्या घेऊन न्यायालयाच्या पायऱ्यांवर जमले. स्थानिक न्यायालयाने परवानगी अडवली, तेव्हा धार्मिक संस्थांच्या बांधकामाला संरक्षण देणाऱ्या २००० सालच्या केंद्रीय कायद्याने तारले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये, रमजानात, केंद्राचे दार उघडले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांची याचिका ऐकण्यास नकार दिला. योजना आवाक्यातली होती, मागे पिढीभर तिथे राहिलेला समाज होता, सोबत उभे राहणारे शेजारी होते आणि कायदाही होता. पार्क प्लेसवर कायदा तेवढाच भक्कम होता. बाकीचे दुवे कच्चे राहिले.

त्या उन्हाळ्याचे परिणाम एका भूखंडापुरते राहिले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये ओक्लाहोमात ७० टक्के मतदारांनी न्यायालयांत शरीयतचा विचार करण्यास बंदी घालणारी घटनादुरुस्ती मंजूर केली; तिथे तशी मागणी कोणी केलेलीच नव्हती. ती पुढे न्यायालयाने रद्द केली, पण तोवर इतर राज्यांत अशीच विधेयके येऊ लागली होती. मुस्लीमविरोध हा निवडणुकीत वापरता येणारा मुद्दा आहे, हे राजकारण्यांना कळले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी मुस्लिमांना देशात प्रवेशच नको अशी मागणी केली, तेव्हा ती ऐकायला जमीन तयार होती.

परदेशातल्या मराठी माणसालाही हा इतिहास दूरचा नाही. फ्लशिंगमधल्या ज्या रस्त्यावर १९७७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक, गणपतीचे मंदिर, उभे राहिले, त्याचे नाव बाऊन स्ट्रीट. क्वेकरांना घरात जागा देऊन हद्दपार झालेल्या जॉन बाऊन यांचे घर त्याच रस्त्यावर आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच धर्माच्या माणसांनी भोगलेल्या तुरुंगवासाचे फळ तिथे आरतीला उभा राहणारा भाविक घेत असतो. धर्मस्वातंत्र्याचे हे वैशिष्ट्यच आहे: ते एकाला नाकारले की सगळ्यांचे कमी होते, आणि एकाने राखले की ज्यांची त्याला कल्पनाही नसते त्यांच्यापर्यंत पोचते.

सप्टेंबर २०२१ मध्ये, हल्ल्याला वीस वर्षे होत असताना, अँटी-डिफेमेशन लीगचे तेव्हाचे प्रमुख जोनाथन ग्रीनब्लाट यांनी २०१० ची भूमिका चुकीची होती असे जाहीरपणे मान्य केले आणि मुस्लीम समाजाची माफी मागितली. ही माफी प्रामाणिक होती आणि मोठ्या संस्था सहसा एवढेही करत नाहीत. पण ती आली तेव्हा वाचवायला केंद्र उरले नव्हते. मृतांच्या कुटुंबीयांचे दुःख खरे होते आणि त्याचा मान राखणे आवश्यकच होते. तो मान त्यांच्याशी बोलून, त्यांचे ऐकून राखता आला असता. त्या दुःखाचा आधार घेऊन एका संपूर्ण समाजाला हल्लेखोरांच्या रांगेत बसवले गेले, तेव्हा ‘हक्क आहे, पण’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाने त्या रांगेला थोडी जागा करून दिली. फ्लशिंगच्या तीस जणांनी ‘पण’ लावला नाही. त्यांनी अटकेचा धोका असताना, वेळेवर सही केली. शेजाऱ्याचा हक्क वादात सापडतो, त्याच आठवड्यात त्याला आधार हवा असतो. नंतर मिळालेला न्याय इतिहासाच्या नोंदीत शोभतो, पण त्याने भिंत उभी राहत नाही.